लुगड्यांचा आडोसा

किडक्या वांग्यालाही मान असतो, हे मला पुण्यात येऊन कळलं. रविवारी सकाळी आमच्या भागात सेंद्रिय भाजीचा छोटा बाजार भरतो. तिथे वेताच्या टोपलीत मोजकी वांगी मांडलेली असतात, आणि एखाद्याला भोक असलं तर विकणारी मुलगी ते भोक मुद्दाम वरच्या बाजूला करून ठेवते. आमच्या गावात असं वांगं व्यापाऱ्याला दाखवायची सोय नाही. भोक दिसलं की तो अख्खं क्रेट पायानं बाजूला सरकवतो. मी त्या टोपलीसमोर उभी राहते, एखादं वांगं हातात घेते, देठ बघते, वास घेते आणि परत ठेवते. त्या मुलीला वाटतं, मी भावावरून अडलेय. तसं काही नाही. मला घरची आठवण येते आणि मग काहीच घ्यावंसं वाटत नाही.

आमचं गाव नंदुरबारपासून तासाभराच्या वाटेवर, तापीच्या अंगाला. कपाशी, पपई, थोडी मिरची आणि दर वर्षी एका तुकड्यात भरताची वांगी, असं आमचं शेत. घरात तिघंच: आप्पा, मी आणि आई. आईला आमच्याकडे माय म्हणतात, म्हणून इथेही मी मायच म्हणेन. पुण्याचं वळण लागलं म्हणून तिला आई म्हणायला लागले तर ती मला ओळख दाखवणार नाही.

शेतात विहिरीच्या कडेला चार ओळी घरच्या असायच्या. दोन वांग्यांच्या, एक मिरचीची आणि चौथीत मायला त्या वर्षी वाटेल ते, कधी गवार, कधी भेंडी, कधी चवळी. या चार ओळींवर औषध जात नसे. औषध म्हणजे फवारायचं. आमच्याकडे त्याला दुसऱ्या नावानं कुणी बोलवत नाही. बाकीच्या शेतावर आठ-दहा दिवसांनी पंप फिरायचा. तोडणीच्या वेळी क्रेट वेगळी आणि मायची पाटी वेगळी. लहानपणी मी चुकून एखादं वांगं पाटीत टाकलं तर माय ते उचलून क्रेटमध्ये ठेवायची आणि सांगायची, "हाई बजारनं शे, बेटा. घरनं तथा, विहिरकडे."

फवारणीच्या दिवशी मायचं एक काम ठरलेलं होतं. सकाळीच ती जुनी लुगडी काढायची. विहिरीकडे जाऊन त्या चार ओळींच्या कडेनं काठ्या रोवायची आणि लुगडी बांधून पडदा उभा करायची, म्हणजे वाऱ्यानं औषधाचे तुषार घरच्या भाजीवर येऊ नयेत. वारा कुठून आहे हे ती पदराचं टोक वर धरून बघायची. वारा फिरला की पडद्याची बाजूही फिरवायची. दुसरं टोक धरायला मी. एक हिरवं लुगडं होतं, एक जांभळं, काठ विरलेलं, आणि एक इतकं जुनं की त्याला आता कुठलाच रंग नव्हता. हे काही आमच्याच घरचं खूळ नव्हतं. जवळजवळ प्रत्येकाच्या शेतात अशा दोन-चार ओळी असायच्या, आणि फवारणीच्या दिवसांत रस्त्यानं येणाऱ्याला शिवारभर लुगडी उभी दिसायची. मला वाटायचं, आज गावात कसला तरी सण आहे आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही.

खरा सण थंडीत, भरताच्या दिवशी. शेतातच कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा. प्रत्येक वांग्याला आप्पा आधी एक चीर देऊन आत बघायचे. अळी निघाली तर काडीनं उचलून बांधाकडे टाकायचे आणि बाकीचं वांगं जाळात. "अयीनं खादं, म्हंजे आपले चालस," हे त्यांचं दर वर्षीचं वाक्य, आणि दर वर्षी ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणायचे. मग बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, भाजलेली वांगी, मिरच्या आणि लसूण ठेचायचं, वरून कांद्याची पात. सोबत कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. ताटं कुणी घेत नसे. बडगी मध्ये ठेवायची आणि तिघांनी तिच्यातून खायचं. शेवटी तळाशी राहिलेलं भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायचा हक्क माझा. त्या चवीबद्दल मी लिहायला बसले तर पानं भरतील आणि तरी ती येणार नाही, म्हणून इथेच थांबते.

पुण्यात मी एम.ए.ला आले. खोलीत दोघी, मी आणि ठाण्याहून आलेली एक मुलगी. पहिल्या हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून मायचा डबा यायचा. सकाळी थंडीत कुडकुडत जाऊन तो गाडीवाल्याकडून घ्यायचा, हे माझं सगळ्यात आवडीचं काम होतं. डब्यात वर भाकरी, मध्ये लाल तिखटाची पुडी आणि तळाशी वांगी. ती आम्ही गॅसवर भाजायचो. रूममेटला भरताचं वेड लागलं. डबा यायचा दिवस तिला माझ्याआधी आठवायचा.

एकदा चीर तिनं दिली आणि अळी निघाली. तिनं सुरी टाकून अशी किंकाळी फोडली की घरमालकीणबाई वर आल्या. त्या गेल्यावर मी मोठ्या ऐटीत तिला समजावलं. अगं, अळी असणं चांगलं, ही घरच्या ओळीची वांगी आहेत, यांच्यावर आम्ही काही मारत नाही. लुगड्यांच्या पडद्याची गोष्टही सांगितली. ती तोंडात घास धरून ऐकत होती. घास गिळून तिनं विचारलं, "मग बाकीची वांगी कोण खातं?"

"बाकीची बाजारात जातात."

"म्हणजे मी?"

ती हसत होती. तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं, पुढचा घास तिनं लगेच घेतला. मी मात्र तो प्रश्न घेऊन बसले. लहानपणापासून इतक्या वेळा मी त्या लुगड्याचं टोक धरलं होतं आणि पलीकडे कोण आहे हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता.

तेव्हाच आमच्या बाईंनी वर्गात एक काम दिलं होतं. अन्नाचं राजकारण हा विषय. आठवडाभर आपल्या ताटातली प्रत्येक गोष्ट कुठून आली याचा माग काढायचा आणि लिहायचं. मी मेसच्या मावशींना विचारलं, वांगी कुठून येतात. त्या म्हणाल्या, मार्केट यार्डातून. त्याच्या मागे? "त्याच्या मागे मला काय माहीत, बाई? तुला जेवायचंय का नाही?" कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे पपई घेतली तर ती ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती त्यावर आमच्याकडच्या बातम्या होत्या. तालुक्यातल्या कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाच्या तरी दशक्रियेची सूचना. फळवाल्यासमोर माझे डोळे भरून आले आणि त्यानं न मागता पपई बदलून दिली. तो कागद मी अजून ठेवलाय. मग मेसचं ताट वगैरे सगळं सोडून मी विहिरीकडच्या चार ओळींवरच लिहिलं.

बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी वर्गात वाचून दाखवलं. मी फुशारून बसले होते. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "म्हणजे या शेतकऱ्यांना सगळं माहीत असतंच तर." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहून भांडले. डागाचं वांगं तुम्ही घेता का, क्रेट परत आलं तर काय करायचं, पंप पाठीवर घेऊन उभं तुम्ही राहता की आप्पा, असं काय काय बोलले. बाई म्हणाल्या, हेच शाश्वत आहाराच्या चर्चेतलं खरं दुखणं आहे, आणि ते फळ्यावर लिहिलं. मी खाली बसले तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. कारण तो मुलगा चुकीचं काहीच बोलला नव्हता.

संक्रांतीला घरी गेले ती हे सगळं डोक्यात घेऊनच. वर्गात मी आप्पांची बाजू घेतली होती, घरी वर्गाची घेतली. जेवताना विषय काढला. जे आपण खात नाही ते लोकांना कसं खायला घालायचं? शाश्वत, पोषण, ग्राहकाचा हक्क, माझ्याजवळ नवेकोरे शब्द होते, ते सगळे मी आप्पांच्या पुढ्यात ओतले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भोक पडेल वांगं कोन लेस? तुन्ह्या मॅडम लेतीन का?"

"घेतात. पुण्यात घेतात."

"खानारा माले कधी दखायना का? माले व्यापारी दखास. तेले चकचकीत लागस."

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणाले, "मग निदान आपण तरी वेगळं खायला नको. जे बाजाराला ते घराला. पडदे कशाला लावता, लोकांपासून लपून?" लपून हा शब्द मी वापरायला नको होता. आप्पा हात धुवायला उठले. माय माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं, इतकी ती बिचकलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीकडे गेले तर आप्पा पाठीवर पंप घेऊन घरच्या ओळींत उभे होते. काठ्या नव्हत्या, लुगडी नव्हती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मिरचीची झाली. चौथीत चवळी होती, तीही झाली. माय घरून लुगडी काखेत मारून नेहमीसारखी आली आणि बांधावरच थांबली. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ले. आते सगळं सारखं व्हई गयं." मायनं लुगड्यांची पुन्हा घडी घातली. मग ती खाली उतरून एका झाडापाशी गेली. तिथे बियाण्यासाठी राखलेलं एक वांगं होतं. कुणी चुकून तोडू नये म्हणून देठाला लाल चिंधी बांधलेलं, पिकून पिवळं झालेलं. ते तिनं तोडलं आणि ओच्यात घेतलं. औषधाचा वास नाकात बसत होता तरी मी तिथून हलले नाही.

पुण्याला परत आल्यावर त्या हिवाळ्यात डबा आला, पण वांगी आली नाहीत. पापड आले, शेवया आल्या, गेल्या वर्षीचं तिखट आलं. मी फोनवर विचारलं नाही आणि मायनं सांगितलं नाही. आप्पांशी बोलणं व्हायचं ते पाऊसपाणी, परीक्षा आणि तब्येत एवढंच. उन्हाळ्यात गेले तेव्हा विहिरीकडच्या जागेत पपईची रोपं लागली होती. मी विहिरीच्या वाटेनं जाणंच टाळलं. वर्गात आमच्या चर्चा चालूच होत्या आणि मी त्यांत पुढे पुढे बोलायचेही. पण कुणी शाश्वत म्हटलं की मला हिरवं, जांभळं आणि बिनरंगाचं लुगडं दिसायचं, आणि मी वहीत उगाच चौकोन काढत बसायचे. रूममेटनं दोनदा विचारलं, भरीत कधी? मी म्हटलं, यंदा पीक नाही. त्याच काळात मी रविवारच्या बाजारातल्या टोपलीसमोर उभी राहायला लागले.

यंदाच्या थंडीत पहिला डबा आला आणि तळाशी वांगी होती. हिरवट, लांबोडकी, एका बाजूला वाकलेली. एकाला भोक होतं. मी ते वांगं गालाला लावलं. रूममेट म्हणाली, तू वेडी आहेस. असेन. आप्पांनी माझं ऐकलं नाही याचा जन्मात पहिल्यांदा मला आनंद झाला होता. घरच्या ओळी परत आल्या, पडदे परत उभे राहिले, माझा मूर्खपणा कुणी मनावर घेतला नाही, असं मी धरून चालले. विचारायचं धाडस मात्र केलं नाही. दर पंधरा दिवसांनी सात-आठ वांगी येत राहिली. आम्ही ती भाजून खाल्ली, आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

मग संक्रांतीला घरी गेले. विहिरीकडे पपईच होती. परसात गेले तर मोरीच्या पाण्याच्या वाटेवर दोरीला लुगडी वाळत घातलेली दिसली. हिरवं, जांभळं आणि ते बिनरंगाचं. जवळ गेल्यावर कळलं, ती वाळत घातलेली नव्हती. मागच्या शेतात दुसऱ्या कुणाची तरी फवारणी चालू होती आणि लुगड्यांच्या आत वांग्याची सहा झाडं होती. एका वांग्याच्या देठाला लाल चिंधी. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. सहा तर सहा, मी मनात म्हटलं. घरचं ते घरचं.

दुपारी आप्पांनी काड्यांचा जाळ केला. माझ्यासाठीच केला होता, पण तसं म्हणाले नाहीत. मी पाटावर बसले. मायनं मध्ये बडगी ठेवली. मग एका वाटीत वेगळं भरीत आणलं आणि ती वाटी माझ्यासमोर ठेवली. पाहुण्याला वाढतात तशी. मी वाटी बाजूला सारली, भाकरीचा तुकडा मोडला आणि सवयीनं बडगीकडे हात नेला. मायनं माझं मनगट धरलं.

"ते नको. ते वावरनं शे."

मला आधी समजलंच नाही. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी बडगीतून घास घेतला, चावून गिळला आणि म्हणाले, "तूच म्हनेल व्हती ना, आपुनबी तेच खावाले पाहिजे? खाई ऱ्हायनूत." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते आणि सुटले असते. त्यांनी ते हवापाण्याची गोष्ट सांगावी इतक्या साधेपणानं सांगितलं.

"आणि परसातली?"

"त्या तुन्हा शेतस," माय म्हणाली. "आम्ही त्यास्ले हात लावत नही."

म्हणजे वर्षभर हे दोघं बाजाराची वांगी खात होते. सगळ्यांना सारखं हवं असं मी ओरडून सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं आणि पाळलं होतं. फक्त मला त्यातून वगळलं होतं. साऱ्या घरात घरचं खाणारी मी एकटीच उरले होते, आणि मी घरात राहतही नव्हते.

मी म्हणाले, "माय, आज परसातली सगळी तोड. तिघं मिळून खाऊ. एक दिवस."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी बिनडोक बोलले होते.

"मंग तुन्हा डबामा काय टाकू?"

बडगीत हात घालायचा पुन्हा प्रयत्न केला नाही, कारण तिनं मनगट पुन्हा धरलं असतं आणि ते मला सहन झालं नसतं. मला त्या क्षणी फक्त एका बडगीतून तिघांनी खायचं होतं. कसलंही चाललं असतं, औषधाचंही. पण मी वाटी पुढे ओढली आणि जेवले. माय प्रत्येक घास बघत होती. वाटीतलं भरीत अगदी तेच होतं, तीच चव, जिच्यासाठी मी पुण्यात टोपलीसमोर उभी राहते. आप्पांनी बडगीचा तळ भाकरीनं पुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय परसात गेली, दोरीवरची लुगडी बाजूला केली आणि सहा झाडांवरची वांगी तोडून आणली. नऊ निघाली. चिंधीचं तेवढं ठेवलं. नऊच्या नऊ तिनं माझ्या डब्यात भरली आणि म्हणाली, मैत्रिणीलाही दे.